जयंतीचा घसा

लातूर,
२० एप्रिल १९८५

आदरणीय मामांस,
नरसिंगचा जयभीम.

यंदा जयंतीला मी हदगावला नव्हतो. नववी सोडून लातूरला आलो तेव्हापासून असे पहिल्यांदाच झाले. मालकांनी सुट्टी दिली नाही असा निरोप मी पाठवला होता. तो खरा आहे, पण मी सुट्टी मागितलीच उशिरा, हेही खरे आहे. म्हणून हे पत्र मान खाली घालून लिहितो आहे.

मिरवणुकीत घोषणा तुम्हीच दिल्या असणार, आणि घसा बसला असणार. तुमच्याकडे शाळेला होतो तेव्हा मला वाटायचे, कैरीला जसा पाड लागतो तसा या महिन्यात मामांचा घसा बसतो. तुम्ही चहा मागितला की मामी म्हणायच्या, "कावळ्यानं मागितला का तुमी मागितला?" सगळी वस्ती त्याला जयंतीचा घसा म्हणायची. पौर्णिमेच्या वंदनेपर्यंत तो आपोआप उघडायचा. यंदाही उघडेल.

माझे काम बरे चालले आहे. जिल्हा होऊन तीन वर्षे होत आली तरी नवी कार्यालये येतच आहेत. जुन्या बोर्डांवरचे उस्मानाबाद घासून लातूर लिहावे लागते. टंचाईमुळे टँकर वाढले, त्या प्रत्येकावर 'पिण्याचे पाणी' लिहायचे कामही आमच्याकडे आहे. एकूण सगळे सरकारी काम आहे. आई उदगीरला बरी आहे. विहिरीचा तळ दिसतो म्हणते.

मामींना व पंचफुलाला जयभीम सांगावा.

तुमचा भाचा,
नरसिंग

ता. क. वर एक शब्द खोडला आहे. त्याखाली काही वाईट नव्हते. वेलांटी चुकली होती.

*

हदगाव,
८ मे १९८५

चि. नरसिंगास,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र मिळाले. तू आला नाहीस म्हणून तुझ्या मामीने जयंतीला तुझे नाव इतक्यांदा काढले की तू असल्यासारखाच होतास.

पौर्णिमा झाली, पण घसा उघडला नाही. मी पंचशील सांगत होतो आणि लोक माझे ओठ बघून म्हणत होते. आपल्या गाणाऱ्या रामकिशनने सगळ्यांसमोर सांगितले, "व्यंकटदा, तुमच्या घशात बेडूक बसलंय. पाऊस पडल्याबिगर ते काय बोलत न्हाई." सगळे हसले. मीही हसलो. हसलो की ठसका लागतो एवढेच.

शाळेला सुट्टी, त्यामुळे माझी घंटाही सुट्टीवर. एसटी स्टँडसमोर बसलिंगप्पा आडत्यांची लांब भिंत आहे, तिच्यावर कोणीतरी बिडीची जाहिरात रंगवून गेले. लाल बंडल, पिवळी अक्षरे. जाहिरात वाईट, पण हात फार चांगला आहे. तू सरकारी कामच कर.

पंचफुला बाळंतपणाला सासरहून, किनवटहून, आली आहे.

व्यंकटराव

*

लातूर,
१९ मे १९८५

आदरणीय मामांस जयभीम.

तुमचे कार्ड मिळाले. घसा बसला म्हणता, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या, रात्री हळद-दूध घ्यावे. आमचे मालक ज्येष्ठमध चघळतात.

तुम्ही भिंतीचे लिहिले. बिड्यांच्या भिंती रंगवणाऱ्या टोळ्या वेगळ्या असतात. त्या जीपमधून फिरतात, एका दिवसात तीन गावे करतात. त्यांचे खर्डे छापील असतात, त्यामुळे सगळ्यांचे अक्षर सारखेच दिसते. कोणाचा हात आहे हे ओळखता येत नाही. आमच्या दुकानात ते काम घेत नाहीत. सहा वर्षांपूर्वी तुम्ही विहारासमोर वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या बिड्या जाळात टाकायला लावल्या होत्या, मी तिथेच उभा होतो. ते मी विसरेन कसा?

इथे ऊन फार आहे. रंग डब्यातच वाळतो.

तुमचा,
नरसिंग

*

लातूर,
१२ जुलै १९८५

आदरणीय मामांस,

माझ्या मेच्या आणि जूनच्या अशा दोन पत्रांना उत्तर नाही. आषाढ पौर्णिमा झाली, वर्षावास सुरू झाला. विहारात संध्याकाळचे ग्रंथवाचन तुम्हीच करत असाल, म्हणून वेळ मिळत नसेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

पण परवा मी तुमच्या शाळेत ट्रंक कॉल लावला. पहिल्यांदाच लावला. मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावले. "व्यंकटराव, भाच्याचा फोन," हे मला स्पष्ट ऐकू आले. नंतर तुम्ही फोन घेतलात. मी "मामा, मामा" म्हणत राहिलो. तुम्ही काही बोलला नाहीत. तुमचा श्वास मला ऐकू येत होता, जोराचा, घासल्यासारखा. मग तुम्ही फोन ठेवला.

मी दुकानात आलो तेव्हा मालक म्हणाले, "काय रे, कोण गेलं?" मी म्हणालो, कोणी नाही.

तुम्ही का रागावला आहात ते मला माहीत नाही असे लिहिणार होतो. तसे लिहीत नाही. चूक झाली असेल तर शिव्या द्या. लहानपणी चुकीच्या शब्दाला तुम्ही पट्टी मारायचात आणि मग तो शब्द पाटीवर काढून दाखवायचात. बोलणे कधी बंद केले नव्हते.

नरसिंग

*

हदगाव,
२४ जुलै १९८५

चि. नरसिंगास आशीर्वाद.

राग नाही. फोनची तार खराब होती.

वर्षावासाचे वाचन यंदा रामकिशनला दिले आहे. तरुणांनी पुढे यावे. माझी तब्येत ठीक आहे. पंचफुलाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

दिवस दुष्काळाचे आहेत, उगाच येण्याजाण्याचा त्रास घेऊ नये. कामाकडे लक्ष द्यावे.

व्यंकटराव

*

लातूर,
१८ ऑगस्ट १९८५

आदरणीय मामांस,

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही आजपर्यंत मला नेहमी उघडे कार्ड लिहिलेत. आपल्याकडे लपवायचे काय आहे, पोस्टमननेही वाचावे, असे म्हणायचात. या वेळी अंतर्देशीय आले, चारी बाजूंनी डिंक लावलेले. येऊ नकोस असे तुम्ही लिहिले नाही, पण मला ते समजले. मी येणार नाही.

मुलगी झाल्याबद्दल अभिनंदन.

इकडचे एवढेच की पंधरा ऑगस्टला इथे एका डॉक्टरांचा दवाखाना उघडला. मोठ्या शहरात शिकलेले आहेत. नवा जिल्हा झाला म्हणून इकडे आले. त्यांचा बोर्ड मला मिळाला. 'कान, नाक, घसा तज्ज्ञ' असे लिहायचे होते. आमच्या मालकांनी तज्ज्ञ चुकीचे लिहून दिले होते. मी ते दुरुस्त केले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. खाली त्यांनी बारीक अक्षरांत बऱ्याच ओळी लिहून घेतल्या: कान फुटणे, नाकातून रक्त येणे, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असणे, गिळताना त्रास होणे, मानेत गाठ येणे. असे काही असल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. इतक्या बारीक अक्षरांत एकही काना इकडचा तिकडे झाला नाही.

तुम्ही पाहिला असता तर तुम्हाला बरे वाटले असते.

नरसिंग

*

हदगाव,
९ सप्टेंबर १९८५

नरसिंगभाऊस,
पंचफुलाचा जयभीम.

आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. ती म्हणते, जसं बोलते तसंच लिही, शाळा घालू नको. म्हणून तसंच लिहिते.

"नरश्या, तुझ्या मामाला आवाजच न्हाई. जयंतीपास्नं न्हाई. आदी घोगरा होता, आता नुसतं वारं येतंय. पाणी पिलं तरी ठसका. भाकर दुधात कुस्करून देते. कानात ठणका मारतो म्हणून कानात तेल घालून राहिले मी महिनाभर, आन् दुखणं घशात हाय हे मला अडाणीला काय माहीत. जो तो म्हणतो जयंतीचा घसा, जयंतीचा घसा. आता वर्षावास अर्धा सरला की रं, आजून जयंती चालूच हाय का?

"फोनवर तू मामा मामा करत होतास तवा ह्यांच्या तोंडातनं शब्द फुटंना. घरी येऊन खाटेवर पडले, भिंतीकडं तोंड करून. तुला वाटलं रागावले. रागवायला तरी आवाज लागतो.

"तुझं डॉक्टरच्या बोर्डाचं पत्र आलं तवापास्नं तेच पुन्हा पुन्हा काढून वाचत्यात. मी म्हणलं, चला, त्याच डॉक्टरकडं जाऊ, नरसिंग हाय तिथं. तर हातानं न्हाई न्हाई. का न्हाई ते मला ठावं हाय. पंचे, हे लिहू नको."

(आई लिहू नको म्हणते, पण मी लिहिते. बाबा बिडी ओढतात. पहिल्यापासून. वस्तीच्या बिड्या जाळल्या तेव्हाही सोडली नव्हती. बडीशेप खाऊन घरी येतात. आई म्हणते, "माझं नाक काय गहाण हाय?" पण तिने कधी त्यांना तसं दाखवलं नाही. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि मग ते वस्तीला कळेल, याची त्यांना भीती आहे.)

"पंची काय लिहून राहिली एवढं? बरं असू दे. नरश्या, तू ये. मी बोलावलं म्हणून सांगू नको. आपसूक आला असं कर."

धुरपताबाई व पंचफुला

*

लातूर,
१३ सप्टेंबर १९८५

मामा,

मी परवा सकाळच्या गाडीने येतो आहे. मामींनी बोलावलेले नाही, आपसूक येतो आहे.

स्टँडसमोरची भिंत माझीच आहे. हदगावची, अर्धापूरची, नांदेड रस्त्यावरच्या आणखी सात-आठ. बोर्डांचे सरकारी काम फेब्रुवारीतच थांबले होते. भिंत रंगवायला हदगावला आलो, तेव्हा जयंतीची तयारी चालली होती. मी तोंडाला फडके बांधून रंग दिला आणि वस्तीत न येता परत गेलो. नंतर तुम्ही बोलेनासे झालात, तेव्हा मला वाटले, तुम्हाला कळले. पाच महिने मी माझ्याच लाजेपुढे बसून होतो, आणि तुमचा घसा राहून गेला.

आणि तो बोर्ड. 'आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असणे.' मी ते दोन दिवस बसून काढले. प्रत्येक अक्षर तपासले. त्या ओळीत मला तुम्ही दिसला नाहीत. मला शुद्ध लिहिता येते, मामा, पण मी वाचले नाही.

माझे तोंड बघायचे नसेल तर बघू नका. पण आधी लातूरला चला, मग बघू नका. वस्तीत कोणी विचारले तर सांगा, भाचा नवा जिल्हा दाखवायला घेऊन चालला आहे.

नरसिंग

*

हैदराबाद,
२ नोव्हेंबर १९८५

मामींस व पंचफुलास जयभीम.

पंचफुला, हे पत्र ओट्यावर वाचू नकोस. आत बसून आईला वाचून दाखव.

लातूरला काय झाले ते निघायच्या घाईत मी नीट सांगितले नव्हते. डॉक्टरांनी स्पिरिटच्या दिव्यावर छोटा आरसा ऊन केला, फडक्याने मामांची जीभ धरली आणि आरसा घशात धरून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "बिडी?" मामांनी मान हलवली, नाही. डॉक्टर म्हणाले, "मी काही खटला भरत नाही तुमच्यावर. उपचार ठरवायला विचारतोय." मामांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले पाणी हवे आहे. मी तांब्या पुढे केला. त्यांनी हाताने खूण केली, बाहेर जा. मी बाहेर जाऊन माझ्याच बोर्डाखाली उभा राहिलो. पंचफुलाने लिहिले होते, तरी त्या खुणेपर्यंत मला ते खरे वाटले नव्हते.

इथल्या सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. हा शब्द मी लिहायला तयार नव्हतो. मामांनीच लिही म्हणून पाटीवर लिहून दिले. इथले डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात आणले असते तर बहुतेक नुसत्या शेकावर भागले असते आणि आवाजही राहिला असता. आता गाठ आवाजाच्या पडद्यांपुरती राहिली नव्हती. म्हणून घशातले आवाजाचे यंत्रच काढावे लागले. ऑपरेशन नीट झाले. आता शेक सुरू होतील, म्हणजे किरणांच्या मशिनखाली झोपवतात. तेव्हा दुखत नाही, नंतर घसा भाजल्यासारखा होतो.

मामी, तुम्ही घाबरू नये म्हणून आधीच सांगतो. मामांच्या गळ्याला खाली पुढून भोक आहे. श्वास आता तिथूनच चालतो, नाकातून नाही. ते कायमचे आहे. त्यात नळी आहे. ती काढून उकळून परत घालायला सिस्टरने मला शिकवले. पहिल्यांदा मी नळी वाकडी धरली, तेव्हा मामांनीच माझे मनगट धरून ती सरळ केली. भोकावर ओला पातळ कपडा ठेवायचा, नाहीतर धूळ आत जाते. अंघोळीला पाणी गळ्यावर ओतायचे नाही. नाकातल्या नळीतून पातळ पेज देतात, ती पुढे निघेल आणि मग तोंडाने जेवता येईल.

बोलणे पाटीवर चालते. इथल्या बाजारातून मी पाटी आणली. ते लिहीत असताना मधेच अंदाजाने वाक्य पुरे करायचे नाही. मी तसे केले तर त्यांनी पाटी पुसून टाकली आणि दिवसभर लिहिले नाही.

आणखी एक गोष्ट सिस्टरने सांगितली नव्हती, ती मला कळली. माणूस असा झाल्यावर रडला तर आवाज येत नाही. पाठ करून बसलो तर कळत नाही. म्हणून मी आता त्यांच्याकडे तोंड करून बसतो. तुम्हीही तसेच बसा.

काल त्यांनी पाटीवर लिहिले, 'विहारात काय सांगितलेस?' मी म्हणालो, घशाचे ऑपरेशन, एवढेच. त्यांनी लिहिले, 'बरे केलेस.' नंतर ते स्वतःच पुसून टाकले.

नरसिंग

*

हदगाव,
१७ फेब्रुवारी १९८६

चि. नरसिंगास आशीर्वाद.

घरी येऊन महिना झाला. तुझी मामी नळी उकळते ती चुलीवरच्या एका वेगळ्या पातेल्यात. त्या पातेल्याला कोणी हात लावला तर त्याची खैर नाही. जेवण तोंडाने होते. शाळेत कामावर घेतले. मुख्याध्यापक म्हणाले, "घंटेला कुठं आवाज लागतो, व्यंकटराव? आवाज तिचा तिलाच आहे." चांगला माणूस आहे.

शाळा सोडून कुठे जात नाही. गळ्याला मफलर बांधतो. लोक येतात, दारात बसतात, मफलरकडे बघतात आणि पावसाचे बोलतात. रामकिशनचा धाकटा पोरगा मला खोकताना बघून पळाला. विहारात गेलो नाही. पौर्णिमेला नाही, सहा डिसेंबरच्या अभिवादनाला तर मी हैदराबादलाच होतो.

तू सप्टेंबरात भिंतीचे लिहिलेस. त्याचे उत्तर राहिले आहे. आता हात रिकामा आहे म्हणून देतो.

ती भिंत तुझी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले. छापील खर्डे वगैरे तू लिहिलेस, त्यावर मी हसलो होतो. तुझा हात मी धरून गिरवून घेतलेला आहे. अक्षराच्या दांडीला खाली येताना तू जो दाब देतोस, तो माझा आहे. मला तुझा राग आला नाही. लाज वाटली. का ते ऐक.

त्या भिंतीच्या मागे मोकळी जागा आहे, मुतारीच्या पलीकडे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बिडी ओढायचो. वीस वर्षे. पुढच्या बाजूने तू बिडी रंगवलीस आणि मागच्या बाजूला उभा राहून मी ती ओढली. एका भिंतीला पाठ लावून.

किती लग्नांत, किती घरांत मी पाचवे शील सांगितले. त्यात दारूचे नाव आहे, तंबाखूचे कुठे आहे, अशी मी मनात वकिली करायचो आणि काडी ओढायचो. ज्या दिवशी पोरांच्या बिड्या जाळल्या, त्या दिवशीही संध्याकाळी गेलो होतो.

मे महिन्यातच मला कळले होते की हा जयंतीचा घसा नाही. जयंतीचा घसा दुखतो आणि मग उघडतो. हा दुखत नव्हता आणि उघडत नव्हता. नांदेडला जाणे अवघड नव्हते. मी गेलो नाही. दुखण्याला घाबरलो नाही, प्रश्नाला घाबरलो. डॉक्टर 'बिडी?' म्हणतील आणि सोबत आलेला माणूस ऐकेल, एवढ्यासाठी गेलो नाही. आणि शेवटी सोबत आलेला माणूस तू निघालास. तुला बाहेर घालवले, त्याची मला अजून शरम वाटते. तू पाण्याचा तांब्या पुढे केला होतास.

मामा

*

लातूर,
९ मार्च १९८६

मामा,

तुमचे पत्र वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवले. मालक गावाला आहेत.

बिडीचे काम मी ऑक्टोबरातच सोडले, हे तुम्हाला माहीत आहे. पण भिंती तशाच उभ्या आहेत. एसटीने येता-जाता मला माझेच अक्षर दिसते. मागच्या आठवड्यात हदगावला बसलिंगप्पा आडत्यांना भेटलो. तुमच्याकडे आलो नाही, कारण आधी काम पक्के करायचे होते. त्या जाहिरातीचा करार या महिन्यात संपतो. ते म्हणाले, "भिंत पांढरी करून दे. मग तिच्यावर काय लिवतो ते लिव, फक्त मतं मागू नको."

लातूरच्या डॉक्टरांना विचारून मी मजकूर केला आहे. त्यात तुमचे किंवा वस्तीचे नाव कुठेही नाही.

'स्वरयंत्राच्या कर्करोगाचे वेळीच निदान झाल्यास तो बरा होऊ शकतो. तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ स्वरभंग असल्यास तज्ज्ञांकडून त्वरित तपासणी करून घ्यावी. तंबाखू, बिडी व मद्य वर्ज्य करावे.'

शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. तुमची परवानगी असेल तरच लिहीन. नसेल तर भिंत नुसती पांढरी ठेवीन.

नरसिंग

*

हदगाव,
२ एप्रिल १९८६

चि. नरसिंगास आशीर्वाद.

हे कार्डच लिहितो आहे. एकात मावले नाही म्हणून दोन जोडली. पोस्टमनने वाचले तर बरेच.

तुझा मजकूर शुद्ध आहे. तो कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर शोभेल. आपल्या लोकांचा स्वर भंग होत नाही, घसा बसतो. आणि तीन आठवडे कोण मोजतो? पगारदार मोजतो. बाकीचे आठवडी बाजार मोजतात. तुझी मामी म्हणते, पौर्णिमेपर्यंत असे लिहा. पण पौर्णिमा कधी लवकर येते, कधी उशिरा. यंदा तर चांगली उशिरा आहे. म्हणून बाजारच लिही.

मध्यंतरी काय झाले ते सांगतो. रामकिशनचा घसा लग्नसराईत गाऊन बसला. दोन बाजार झाले, तिसरा झाला, तरी तो घोगरा. म्हणाला, "व्यंकटदा, नेहमीचंच हाय हो." मी मफलर सोडला आणि त्याला भोक दाखवले. घरच्यांखेरीज पहिल्यांदा कोणाला दाखवले. तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन नांदेडला गेलो. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले, नुसती सूज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. परत येताना गाडीत कुरकुर करत होता, "फुकट हेलपाटा झाला की." मी पाटीवर लिहिले: 'फुकट गेला यातच सगळे आले.' त्याने ती पाटी विहारात नेऊन सगळ्यांना दाखवली. आता लोक येतात ते पावसाचे बोलत नाहीत, सरळ विचारतात. मी लिहून सांगतो. बिडीचेही सांगितले. रामकिशन म्हणाला, "ते आमाला ठावं होतं. बडीशेपचा वास येणारा मानूस वस्तीत तुमी एकटेच." वीस वर्षे मी काय लपवले कोण जाणे.

तर भिंतीवर असे लिही:

'जयंतीत बसलेला घसा
तीन बाजार झाले तरी उघडला नाही
तर दवाखान्यात दाखवा.
डॉक्टर बिडीचे विचारतील. खरे सांगा.
मी उशीर केला.
व्यंकटराव, शाळेची घंटा वाजवणारा, हदगाव.'

यातला एकही शब्द शुद्ध करू नको. अक्षरे बिडीच्या अक्षरांएवढीच मोठी काढ. फडके बांधायचे नाही. हात तुझा आहे हे लोकांना कळू दे.

जयंतीची मिरवणूक स्टँडवरूनच निघते. त्याच्या आत रंग वाळला पाहिजे. घोषणा रामकिशन देईल, पंचशील यंदा तू सांगायचे. तुला पाठ आहे. अडलास तर माझ्या ओठांकडे बघ.

मी भिंतीच्या पुढच्या बाजूला उभा असेन. भोकावर जाळीचा कपडा तेवढा राहील. मफलर तुझ्या मामीने आजच धुवायला काढला आहे. एवढ्या उन्हात तो चौदा तारखेपर्यंत काही वाळायचा नाही, असे ती म्हणते.

मामा